लक्ष कुठे होतं तुमचं?

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातली कॅज्युअल्टी संध्याकाळी साडेसहा ते दहा या वेळात पाहावी. भाजलेलं, पडलेलं, काहीतरी गिळलेलं मूल कडेवर घेऊन आई धावत येते आणि तासाभरात तिला एकच प्रश्न किती जण विचारतात! केसपेपर काढणारा विचारतो. ड्रेसिंगच्या ट्रॉलीजवळची मावशी विचारते. शेजारच्या स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्याची सून विचारते. मागून धापा टाकत आलेली सासू तर दारातूनच विचारते, "लक्ष कुठे होतं तुझं?"

तिच्याकडे उत्तर असतं, पण ते देण्याची तिची हिंमत नसते. लक्ष नळाकडे होतं, कारण पाणी साडेसहाला येतं आणि तासाभरात जातं. लक्ष तव्यावरच्या भाकरीकडे होतं. लक्ष दुसऱ्या लेकराकडे होतं. दहा बाय बाराच्या खोलीत गॅस, बिछाना, पाण्याचं पिंप आणि रांगणारं मूल एकाच जमिनीवर असताना माणसाचं लक्ष किती ठिकाणी पुरणार? आणि बाप कुठे होता, हे मात्र त्या गर्दीत कुणी विचारत नाही.

या लेखासाठी काही संध्याकाळी मी अशा विभागांमध्ये काढल्या. हा प्रश्न तिथून हद्दपार व्हायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. त्याच्या जागी दुसरा प्रश्न हवा : नेमकं कशानं झालं? जगात जिथे जिथे हा दुसरा प्रश्न नेटाने विचारला गेला आणि त्याची उत्तरं वहीत उतरवली गेली, तिथे मुलं वाचली आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली मुलांच्या दुखापतींवर एक मोठा अहवाल काढला. जगभरात वर्षाला ८ लाख ३० हजारांहून अधिक मुलं अशा अनवधानाने झालेल्या इजांनी दगावतात, म्हणजे दिवसाला दोन हजारांवर, असं त्यात म्हटलं होतं. रस्ता, पाणी, आग, उंची आणि विष ही त्यातली पाच मोठी कारणं. यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त मुलं आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली आहेत. तिथल्या आया काही कमी लक्ष देतात म्हणून हे होत नाही.

कॅज्युअल्टीत सगळंच भयंकर असतं असं मात्र नाही. एका संध्याकाळी अडीच वर्षांची एक मुलगी आली. डावा हात लुळा टाकलेला, तळवा मांडीकडे वळलेला, कुणी हात लावायला गेलं की किंचाळायची. मामाने दोन्ही हात धरून तिला गरगर फिरवलं होतं आणि आता तो मामाच रडवेला होऊन भिंतीला टेकून उभा होता. निवासी डॉक्टर तिशीच्याही आतली होती. तिने मुलीला आईच्या मांडीवरच बसू दिलं. एका हाताचा अंगठा कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठेवला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तळवा वर वळवला आणि कोपर अलगद दुमडलं. अंगठ्याखाली बारीकशी कट्ट झाली असणार, कारण तिने लगेच हात काढून घेतला. मग आईकडून बिस्किटाचा पुडा मागून घेतला आणि एक बिस्कीट मुलीच्या डाव्या अंगाला धरलं. मुलीने पाच-सात मिनिटं हट्टाने उजवा हात पुढे केला. मग विसरली आणि डाव्या हाताने बिस्कीट ओढून घेतलं. "झालं, घरी न्या. मामांना सांगा, उचलायचं ते काखेत धरून."

लहान मुलांच्या कोपरात हाताच्या एका हाडाचं डोकं बांधून ठेवणारी कडी ढिली असते. मनगटाला हिसका बसला की हाड तिच्यातून निसटतं. साधारण पाच वर्षांनंतर ती कडी घट्ट होते. गावाकडचे हाडवैद्य हा हात बसवतात आणि तो बसतोही. त्यातूनच मग सगळे हात त्यांच्याकडे न्यायची सवय लागते, आणि घात तिथे होतो. सहा-सात वर्षांचं पोर पेरूच्या झाडावरून हात टेकून पडतं तेव्हा कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. हाताला रक्त नेणारी धमनी आणि नसा अगदी तिथूनच जातात. त्यावर बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या की आतली सूज बाहेर पसरू शकत नाही, रक्त अडतं, आणि काही तासांत पुढच्या हाताचे स्नायू मरायला लागतात. बोटं आकडीसारखी वळून कायमची तशीच राहतात. रिखार्ड फोन व्होल्कमन या जर्मन शल्यचिकित्सकाने याचं वर्णन १८८१ मध्ये करून ठेवलं आहे. कामट्या असोत की रुग्णालयातलं प्लास्टर, बांधल्यावर मूल जास्तच कळवळू लागलं, बोटं गार पडली, बोट सरळ करताना ओरडलं, तर ते बांधलेलं त्याच क्षणी सोडवायचं असतं. सकाळची वाट पाहायची नसते.

दिवाळीत भाजलेली मुलं जास्त येतात, आणि फटाके त्याचं एकमेव कारण नाही. फराळाची सुरुवात होते तेव्हापासूनच ती यायला लागतात. चकल्यांचं तेल १७०-१८० अंशांवर तापलेलं असतं. ते पाण्यासारखं ओघळून जात नाही, कातडीला धरून राहतं. करंज्या-चकल्यांचा घाणा मोठा, म्हणून कढई ओट्यावरून खाली, जमिनीवरच्या शेगडीवर येते, आणि त्याच आठवड्यात घरात पाहुण्यांची मुलंही असतात. ओट्यावरची कढईही काही निर्धास्त नसते. दीड-दोन वर्षांच्या मुलाने टाचा उंचावून हात वर केला की तो ओट्याच्या कडेला पोचतो. वर काय आहे ते त्याला दिसत नाही, फक्त दांडा दिसतो. चहाचं पातेलं असं अंगावर ओढून घेतलेल्या मुलाच्या भाजण्याचा नकाशा डॉक्टर लांबून ओळखतात : हनुवटी, गळा, छाती, एक खांदा. न्हाणीघरात कढत पाण्याच्या बादलीत मागे मागे येत बसलेल्या मुलाचा नकाशा वेगळा, पाठ आणि कुल्ले.

साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची कातडी पातळ, त्याला त्याहून कमी वेळ पुरतो. शिवाय मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं. तान्ह्या बाळाच्या अंगावरच्या एकूण कातडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्यावर आणि चेहऱ्यावर असतो. म्हणून भाजलेल्या मुलासाठी टक्केवारीचा तक्ता वेगळा असतो, आणि किती टक्के भाजलं यावर सलाईन किती द्यायचं ते ठरतं. मुलाचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का, हे माप सगळ्या डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं असतं.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भाजल्यावर पहिली वीस मिनिटं नळाचं साधं पाणी त्या जागेवर वाहतं ठेवायचं, इतकाच प्रथमोपचार आहे. बर्फ लावायचा नाही. ओले, तापलेले कपडे काढायचे, पण कातडीला चिकटलेले ओढायचे नाहीत. तरीही मुलं येतात ती टूथपेस्ट फासून, हळद लावून, शाई ओतून, तूप किंवा बटाट्याचा कीस थापून. माया असते त्यात, ओळखीच्या माणसाने घाईघाईत केलेला उपाय असतो. पण जखम किती खोल आहे हे बघण्यासाठी डॉक्टरला तो थर धुऊन काढावा लागतो, आणि त्या पाच मिनिटांचा आक्रोश सगळ्या विभागाला ऐकू जातो.

फराळाचा दुसरा धोका चिवड्यात आहे. पावणेदोन वर्षांचा एक मुलगा खोकल्यासाठी आठवडे औषध घेत होता. कफाचं सिरप झालं, वाफ झाली, दम्याचा पंप झाला. शेवटी धाप लागली म्हणून कॅज्युअल्टीत आला. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, उजवीकडे हवा कमी जात होती. त्यांनी आईकडे न बघता आजीला विचारलं, "आजी, आठवून सांगा. खोकला सुरू झाला त्याच्या आधी शेंगदाणा, फुटाणा, असं काही खाताना ठसका लागला होता का?" आजी थांबली. "हो. अगदी निळा पडला होता. मी पाठीत थापटलं, मग बरा झाला की तो."

तो बरा झाला नव्हता. दाणा श्वासनलिकेतून खाली सरकून उजव्या फुफ्फुसाच्या नळीत बसला होता. ती नळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ खाली उतरणारी, त्यामुळे बहुतेक वस्तू तिथेच जातात. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, पण त्याच्या तेलाने नळीचं आतलं अस्तर सुजतं. त्या रात्री भूल देऊन, दुर्बिणीच्या नळीने तो काढला. आजीला कुणी बोललं नाही, आणि याचं श्रेय डॉक्टरांच्या त्या विचारण्याच्या पद्धतीला आहे. दटावून विचारलं असतं तर आजीला ठसका आठवलाच नसता. मागच्या दाढा नीट येईपर्यंत मुलांना दाणा चावून बारीक करता येत नाही, म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे देऊ नयेत. दाण्याचं कूट मराठी घरात असतंच, ते द्यावं. ठसका लागलेलं मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं. आवाजच फुटत नसेल तर पालथं धरून पाठीत खांद्यांच्या मध्ये जोरात पाच थापा माराव्यात. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी खाली जाते.

गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू घरात शिरली आहे आणि ती मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. बटण सेल, नाण्यासारखा चपटा. मुलाने नाणं गिळलं तर बहुधा ते दोन दिवसांत शीच्या वाटेने पडतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका आतून भाजते. भोक पडून ते श्वासनलिकेपर्यंत किंवा महाधमनीपर्यंत पोचू शकतं. एक्स-रेत नाणं एकसंध दिसतं, सेलला मात्र कडेने दुहेरी वर्तुळ दिसतं. ते दिसलं की रात्रीचे दोन वाजले असोत, भूलतज्ज्ञाला उठवलं जातं. मूल वर्षावरचं असेल आणि सेल नुकताच गिळलेला असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असं आता विषतज्ज्ञ सांगतात. मधाचा थर ती भाजणूक थोडी लांबवतो. पण त्यासाठी निघायला उशीर करायचा नाही.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण दिवाळीत डझनाने येणारी एलईडीची पणती खेळणं ठरत नाही. लुकलुकणारी राखी, गाणारं भेटकार्ड, वजनकाटा, रिमोट, यातलं काहीच खेळणं म्हणून विकलं जात नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या पणत्यांतलं खालचं झाकण नखाने उघडतं आणि सेल टपकन हातात येतो. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा झाला की असा सेल असलेल्या घरगुती वस्तूचं झाकण मुलाला उघडता येऊ नये. एका स्क्रूचा तो खर्च आहे.

आणि देवघरातला कापूर. खडीसाखरेच्या वाटीशेजारी त्याची डबी असते. प्रसाद मागणाऱ्या मुलाला दोन्हींतला फरक तोंडात टाकल्यावर कळतो. पोटात गेलेल्या कापराने लहान मुलाला काही मिनिटांत आकडी येऊ शकते. मोठ्या माणसांना हे सांगितलं की खरं वाटत नाही, कारण सर्दी झालेल्या बाळाच्या गळ्यात आपण हौसेने भीमसेनी कापराची पुरचुंडी बांधतो. अशा मुलाला मीठपाणी पाजून ओकायला लावू नये. ओकताना आकडी आली तर उलटी छातीत जाते. रॉकेल, थिनर, संडास धुण्याचं अॅसिड यांनाही तोच नियम. अॅसिड तर शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं असतं.

घरच्यांना दोषी धरण्याऐवजी त्यांचं ऐकलं तर काय हाती लागतं, याचा एक भक्कम पुरावा २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास अमेरिकेतल्या रुग्णालयांनी मिळून केला होता. कोणत्या मुलाला सीटी स्कॅनची गरज नाही हे ओळखण्याची कसोटी त्यातून निघाली. दोन वर्षांखालच्या मुलासाठी तिच्यात सहा मुद्दे आहेत. शुद्ध, बेशुद्धीचा काळ, टेंगूळ कुठे आहे, कवटीला मोड लागते का, मार किती जोराचा, आणि सहावा : आई-बापाच्या मते मूल नेहमीसारखं वागतं आहे का. मला हे फार मोलाचं वाटतं. "हा असा नाहीये हो एरवी" हे वाक्य आपल्याकडे घाबरटपणा म्हणून उडवून लावलं जातं. तिथे ते निदानाचा भाग आहे.

आता 'कशानं झालं' या प्रश्नाकडे. कॅनडातल्या विंडसर शहरात आंरी ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गोळ्यांची बाटली उघडून खाल्लेली मुलं त्यांच्या रुग्णालयात सतत यायची. आयांना उपदेश करून त्यांनी पाहिला, फरक पडला नाही. मग ते बाटलीच्या मागे लागले. १९६७ मध्ये पीटर हेजविक यांनी त्यांच्यासाठी तळहाताने दाबून मगच फिरणारं झाकण बनवलं. तीन वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेत अशा वेष्टनाचा कायदाच झाला. आज आपल्याकडेही काही सिरपांवर ते झाकण येतं. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडायची, बहुतेक गरीब वस्त्यांतली. तिथल्या आरोग्य खात्याने १९७२ पासून प्रत्येक पडण्याची नोंद मागवली, घरी माणसं पाठवली, खिडक्यांना फुकट जाळ्या दिल्या. पडणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने खाली आली. १९७६ पासून तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल तर खिडकीला जाळी बसवणं ही घरमालकाची जबाबदारी झाली. आपल्याकडे ग्रिल बसवतो तो भाडेकरू, पैसे साठले की.

श्रीलंकेतले शल्यचिकित्सक विजय गोडाकुंबुरा यांचं काम मला सगळ्यांत जवळचं वाटतं. जुन्या बाटलीत रॉकेल भरून केलेले दिवे कलंडायचे आणि झोपडीसकट मुलं जळायची. १९९२ पासून त्यांनी एक बुटका, जाड काचेचा दिवा करायला घेतला. दोन बाजू सपाट म्हणून पडला तरी गडगडत नाही, झाकण आट्याचं म्हणून रॉकेल सांडत नाही. मार्माइटच्या बुटक्या बरणीवरून त्यांना तो आकार सुचला. ऑपरेशन थिएटरमधला माणूस काचेच्या कारखान्यात जाऊन बसला, कारण आपल्या टेबलावर येणारं भाजलेलं मूल कुठून येतं हे त्याला माहीत होतं. १९९८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

पांगुळगाडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मूल त्याच्या मागे उभं राहतं आणि स्वतःच्या पायांवर तो ढकलतं. त्याची जागा आता बसून पळवायच्या चाकांच्या वॉकरने घेतली आहे. त्यात मूल अशा वेगाने जिन्याकडे जातं की दोन पावलांवरच्या माणसालाही गाठता येत नाही. अमेरिकेत निवडक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून प्रत्येक इजेमागची वस्तू नोंदवण्याची यंत्रणा १९७०च्या दशकापासून आहे. तिच्या आकड्यांमुळेच कळलं की १९९० मध्ये या वॉकरमुळे सुमारे २०,६५० बाळं रुग्णालयात आली. वॉकरची रचना बदलायला लावल्यावर २००३ मध्ये हा आकडा ३,२०१ वर आला. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. वॉकरने मूल लवकर चालतं हा समजही खरा नाही. तरी आपल्याकडे बारशाच्या भेटींत तो येतोच.

हे सगळं परदेशातच घडतं असं म्हणायला मात्र जागा नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं त्यांच्यासमोर मरत होती. विष तेवढंच, अंग लहान, म्हणून मुलांवर ते जास्त उलटतं. भात झोडताना, लाकडं उचलताना, चपलेत पाय घालताना विंचू डसायचा. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, मग छातीत पाणी. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाशेजारी रात्रभर बसून तासातासाला काय होतं ते लिहून काढलं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचं टिपण छापलं. रक्तदाबासाठीची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वेळेवर दिली की हृदयावरचा तो मारा थोपवता येतो, हे त्यांनी दाखवलं. गंभीर रुग्णांतलं ४० टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याजवळ आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे सुरुवातीला साधनं म्हणाल तर वही आणि पेन होती.

ही वही आज आपल्या कॅज्युअल्टीत नाही. रजिस्टर आहे, त्यात 'पडून' किंवा 'भाजून' एवढंच लिहिलेलं असतं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते, पोलीस हवालदार आईचा जबाब घेतो, पण तो गुन्हा घडला का हे शोधत असतो, कढई किती उंचीवर होती हे नव्हे. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या बंदुकांनी मुलांचे डोळे गेले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला म्हणून ती वस्तू सगळ्यांना कळली. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की पेटणारा वायू निघतो आणि मागे चुना उरतो. तो चुना बुबुळ जाळतो. अशा किती वस्तू कुणी ओरडलं नाही म्हणून बाजारात तशाच विकल्या जात असतील!

केसपेपरवर एक रबरी शिक्का पुरेल. चार रकाने : कोणत्या वस्तूने, घरात नेमकं कुठे, किती वाजता, किती उंचीवरून. इंटर्न डॉक्टरला ते भरायला मिनिटभर लागेल. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत एका जरी रुग्णालयाने ते भरले, तर पुढच्या वर्षी एलईडी पणत्या बनवणाऱ्याच्या आणि मानक ब्युरोच्या टेबलावर ठेवायला कागद असेल. त्यावर वस्तूचं नाव आणि मुलांचा आकडा लिहिलेला असेल.